एकतीस डोकी

बुडापेस्टमध्ये परक्या माणसांना फिरवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझा एकही पाहुणा हरवला नाही, हे मी नव्या गाइड पोरींना इतक्यांदा ऐकवलंय की माझी पाठ वळली की त्या माझी नक्कल करतात. करू देत. त्यांच्यापैकी एक रेल्वे स्टेशनवर सहा डॅनिश माणसं विसरून आली होती, तिने तर माझ्यासमोर तोंड उघडूच नये.

माणसं मोजायची माझी एक पद्धत होती. चालती माणसं मोजणं म्हणजे डोक्याला ताप. एक बुटाची नाडी बांधायला वाकतो, दुसरी खांबाआड जाते, तिसरा मोजून झाल्यावर पुन्हा समोरून येतो. म्हणून एखादी जागा सोडायच्या आधी मी सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करायची, मोबाइलवर एक ग्रुप फोटो काढायची आणि मग फोटोतली डोकी मोजायची. फोटोतली माणसं हलत नाहीत. पाहुणेही खूश आणि मीही निवांत.

त्या नोव्हेंबरातला शेवटचा गट ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावचा होता. एकतीस निवृत्त माणसं, तीन दिवसांचा मुक्काम, स्वतःची बस आणि कुर्ट नावाचा तोंड वाकडं केलेला ड्रायव्हर. ही ऑस्ट्रियाची मंडळी मला पाठ आहेत. नाव घेऊन कोणी कोणाला बोलवत नाही, हुद्दा हवा. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी डॉक्टरसाहेब ते डॉक्टरसाहेबच. आणि बायकोने जन्मात सुईला हात लावला नसला तरी ती डॉक्टरीणबाई. माझ्या हातातल्या यादीतसुद्धा तसंच छापलेलं असायचं. सतरा नंबरला लिहिलं होतं, इंजिनिअर लाइटनर आणि पत्नी.

या लाइटनरसाहेबांनी तीन दिवस माझं डोकं उठवलं. जन्मभर पूल बांधलेला माणूस. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण गळ्यात एवढा मोठा कॅमेरा आणि खांद्याला पिशवी. मी काहीही दाखवायला लागले की हे मागे मागे सरकत रस्त्याच्या मध्यावर जायचे, कारण अख्खा मनोरा फोटोत यायला हवा. आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी बायको उभी करायची. "जरा डावीकडे. थांब. हलू नको." ती बिचारी उभी राहायची. पहिल्या दिवशी मी चेष्टेने म्हटलं, साहेब, बायकोवर भारीच प्रेम तुमचं, तिच्याशिवाय एक फोटो नाही. तर ते अगदी गंभीरपणे म्हणाले की प्रेमाचा प्रश्न नाही, शेजारी माणूस असल्याशिवाय इमारतीची उंची लक्षात येत नाही. पुलाच्या फोटोतही ते मजूर उभा करायचे. माप कळावं म्हणून. मी हसले, आणि संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगून पुन्हा हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेकडीवर, कोळ्यांचा बुरूज म्हणतात तिथे गेलो. तिथून खाली डॅन्यूब नदी, पलीकडे संसद, सगळं शहर पायाशी. माझी माणसं अर्धा तास कठड्याला टेकून एकमेकांचे फोटो काढत होती. पावणेदोनला मी सगळ्यांना पायऱ्यांवर बोलावलं, फोटो काढला, डोकी मोजली. एकतीस. चला.

बस नदी ओलांडून संसदेपाशी आली तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. लाइटनरसाहेब नेहमी ड्रायव्हरशेजारच्या एकट्या सीटवर बसत, पुढच्या काचेतून फोटो काढता यावेत म्हणून. बायको मागे डॉक्टरीणबाईंशेजारी. खाली उतरल्यावर ते नेहमीसारखे मागे मागे गेले, ट्रामच्या रुळांपर्यंत. कॅमेरा डोळ्याला लावला, हात वर केला आणि म्हणाले, "जरा उजवीकडे."

उजवीकडे जायला तिथे कोणी नव्हतंच.

त्यांनी कॅमेरा खाली केला, पुन्हा वर केला, मग माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला वाटलं आज त्या पुढे बसल्यात नवऱ्याजवळ, म्हटलं बरं झालं, कधी नव्हे ते. मी म्हटलं, शक्यच नाही, मी मोजलेत, एकतीस. मोबाइल काढून सगळ्यांसमोर पुन्हा मोजलं. एकतीसच भरले. मग मी फोटो मोठा करून एकेक चेहरा यादीशी लावायला लागले, आणि डाव्या टोकाला, खालून दुसऱ्या पायरीवर, हिरव्या टोपीचा एक माणूस सापडला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी खात होता. तो आमचा नव्हता. दमून बसला असेल कोणी आणि मी सगळ्यांना हसायला सांगितल्यावर तोही हसला होता. मी त्याला मोजला होता.

म्हणजे ती फोटोच्या आधीपासूनच गायब होती.

"तिच्याकडे फोन असेल ना?" मी विचारलं.

"माझ्या पिशवीत आहे," लाइटनरसाहेब म्हणाले. "तिला कशाला लागतो, मी असतोच की बरोबर."

आणि मग त्यांनी पिशवीतून एक छोटी प्लास्टिकची डबी काढली. ती त्यांनी माझ्या हातात दिली. छातीचे ठोके चुकतात तिचे, ते म्हणाले. ऑगस्टमध्ये दोनदा पडली, एकदा स्वयंपाकघरात, एकदा जिन्यात. गोळी चारला म्हणजे चारलाच घ्यायची. तीही त्यांच्याच पिशवीत होती, कारण तिच्या लक्षात राहत नाही असं त्यांना वाटायचं.

टेकडीवर चारशे पायऱ्या आहेत, खाली यायला दहा वाटा आहेत, आणि नोव्हेंबरात चारला अंधारतं. तिने अंगावर पातळ जॅकेट घातलं होतं, जाड कोट बसमध्ये सीटवर तसाच पडला होता. जर्मन सोडून दुसरी भाषा येत नव्हती. मी कुर्टला सांगितलं की बाकीच्यांना संसदेच्या आवारात फिरव आणि पावणेपाचला बसमध्ये बसव. त्याने घड्याळ दाखवलं. त्याचे गाडी चालवायचे तास कायद्याने ठरलेले, पाचला निघालं नाही तर ग्राझ गाठायच्या आत संपणार. मी म्हटलं, एक बाई कुठे पडली असेल तिची काळजी कर आधी, तुझ्या तासांचं मग बघू. मी लाइटनरसाहेबांना टॅक्सीत घातलं आणि आम्ही पुन्हा वर निघालो. वाटेतच मी पोलिसांना फोन केला.

टॅक्सीत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ती कधी असं करत नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर राग सगळा त्यांच्यावर काढायची मला घाई झाली होती. हिरव्या टोपीच्या माणसाचा विचार मी करतच नव्हते.

वर पोचल्यावर मी त्यांना चौकातल्या पुतळ्याच्या ओट्यावर बसवलं. तुमचे गुडघे असे, तुम्ही इथून हलायचं नाही, मी पळते. आणि मी पळाले. चर्चमध्ये गेले, रांगा रांगांतून बाकं बघितली. बायकांच्या स्वच्छतागृहात प्रत्येक दार ठोठावलं. दोन कॅफे, फोटोचं सामान विकणारं दुकान, खाली उतरणारा जिना, पहिला टप्पा, दुसरा टप्पा. बुरुजावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले. गर्दी कमी झाली नव्हती. कठड्यापाशी लोक पाळी लावून उभे होते, पाठ नदीकडे आणि हसरं तोंड मोबाइलकडे. दोघा-तिघांनी मलाच थांबवून फोटो काढायला सांगितलं. एका जोडप्याचा मी काढलासुद्धा, सवयीने, आणि फोन परत देताना मला स्वतःचा असा संताप आला की काय सांगू.

परत आले तेव्हा सव्वातीन झाले होते. पुतळ्यापाशी एक तरुण पोलीस बाई वहीत काही लिहीत होती. ती हंगेरीयनमध्ये विचारणार आणि मी जर्मन करून सांगणार, असं चाललं.

उंची? "एक मीटर बासष्ट," साहेब तात्काळ म्हणाले. "बुटांसकट एक मीटर चौसष्ट."

जॅकेटचा रंग? ते जरा थांबले. फिकट, म्हणाले. मातकट किंवा करडा. केस पांढरे, छोटे. चष्मा? वाचायला लावते. आणि डोळ्यांचा रंग?

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मला तो ठाऊक असणार होता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पन्नास वर्षं संसार केलात आणि बायकोचे डोळे कसले ते सांगता येत नाही तुम्हाला?"

पोलीस बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. ती म्हणाली, राहू दे, फोटो असेल तर तोच पाठवते सगळ्यांना. बाईंचं ओळखपत्र त्यांच्याचजवळ असणार, म्हणजे फोटो कॅमेऱ्यातूनच घ्यावा लागेल.

कॅमेऱ्यात तीन दिवसांचे अकराशे फोटो होते. साहेबांनी छोट्या पडद्यावर एकेक दाखवायला सुरुवात केली. साखळी पूल, आणि त्याच्या दगडी सिंहाखाली एक ठिपका. राजवाडा आणि ठिपका. मोठं चर्च, त्याच्या दारात ठिपका. पोलीस बाईने तो ठिपका मोठा केला. मोठा केला की त्याचे चौकोन व्हायचे, त्यात नाक नाही, डोळे नाहीत, फक्त एक फिकट जॅकेट आणि वर पांढरं काहीतरी. आणखी मागे, आणखी मागे. अकराशे फोटो आणि बाई जवळजवळ प्रत्येक फोटोत, पण चेहरा एकातही नाही. मध्येच साहेब म्हणाले, "ग्राझच्या घरीही असेच आहेत. सगळे असेच आहेत." आणि ते रडायला लागले, आवाज न करता, कॅमेरा तसाच हातात धरून.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनातल्या मनात मी म्हणतच होते की बघा, अशी असतात माणसं.

पोलीस बाईने वर्णन वायरलेसवर सांगितलं आणि जिन्याच्या बाजूला गेली. जाताना तिने बाईंचं नाव विचारलं तेव्हा कळलं की त्यांचं नाव रोझविटा. तीन दिवस मी त्यांना इंजिनिअरबाई म्हणत होते. त्याही तेवढ्यावर ओ देत होत्या.

साडेतीन वाजून गेले होते. नदीवरून गार वारं सुटलं होतं. मी साहेबांना म्हटलं, आज बुरुजावर काढलेले तेवढेच दाखवा, शेवटचे. त्यांनी डोळे पुसले आणि शोधले. बाईंचे नऊ फोटो होते, एकाच जागेचे. कमानीपलीकडे कठडा, मागे नदी आणि संसद, आणि कठड्यापाशी बाई. कधी मध्ये कोणी येई, कधी ढग येई, म्हणून त्यांनी नऊ वेळा काढला होता. आठ फोटोंत बाई समोर बघत होत्या. नवव्यात त्या वळल्या होत्या. कॅमेऱ्याकडे पाठ, दोन्ही हात कठड्यावर.

"हा बिघडला," साहेब म्हणाले. "मी हाक मारली होती, हलू नको म्हणून. मग खालच्या पुलावर ऊन पडलं, मी तिकडे वळलो."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही पायऱ्यांवर बोलावलंत."

मी फोटोकडे बघत राहिले. पन्नास वर्षांच्या सहलींत या बाईने काय पाहिलं असेल, हे मला एकदम कळलं. प्रत्येक शहरात, प्रत्येक मनोऱ्याखाली तिला कॅमेऱ्याकडेच बघावं लागलं होतं. समोर रस्त्यात मागे मागे सरकणारा नवरा. व्हेनिस, प्राग, पॅरिस, सगळीकडे तेच. पाठीमागे काय होतं ते घरी गेल्यावर फोटोतच बघायचं.

पण त्या जागेवरून मी दोनदा गेले होते. कठड्यापलीकडे पंधरा हात खोल सरळ भिंत आहे, खाली झाडी. तिथे मी वाकून बघितलं नव्हतं. आता बघावं लागणार होतं. चक्कर येऊन कोणी तिथून खाली गेलं असेल, तर वरून कोणाला आवाजही येणार नाही. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही थांबा. त्यांनी ऐकलं नाही. भिंतीला धरून, पाय ओढत माझ्यामागे यायला लागले आणि मी त्यांच्यासाठी थांबले नाही.

उजेड उतरला होता. नदीपलीकडे संसदेचे दिवे नुकतेच लागले होते आणि सगळ्यांचे मोबाइल तिकडे वळले होते. मी माणसं ढकलत कठड्याशी गेले, पोटावर ओणवी होऊन खाली पाहिलं. झाडी, गळलेली पानं, एक प्लास्टिकची पिशवी. दहा पावलं सरकून पुन्हा पाहिलं. पुन्हा दहा पावलं. कोणी नव्हतं. कठड्यावर डोकं टेकून मी एक क्षण तशीच राहिले, आणि मग सुटकेने की भीतीने कोण जाणे, मला हुंदका आला.

कठड्यापासून दोन पावलांवर दगडी बाक आहे. त्यावर तीन म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, शेजारी शेजारी, नदीकडे तोंड करून. तिघींचे केस पांढरे, छोटे. तिघींची जॅकेटं फिकट, मातकट म्हणा की करडी. त्यातली एक आपली असेल का, असं माझ्या मनात आलं आणि मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिलीचा चेहरा पाहिला, मग दुसरीचा, मग तिसरीचा. तीन दिवस ही बाई माझ्या बसमध्ये होती. सकाळी मी तिला शुभेच्छा देत होते, दाराशी हात देऊन उतरवत होते, दिवसातून सहा वेळा मोजत होते. आणि मला सांगता येईना की ती यातली कुठली.

तेवढ्यात मागून आवाज आला. लाइटनरसाहेब कमानीपाशी पोचले होते, चांगली चाळीस पावलं दूर. तिथून त्यांना तिघींच्या पाठीच दिसत होत्या, त्याही अंधुक.

"डावीकडची," ते ओरडले. "रोझविटा."

डावीकडची बाई वळली. मी घाईघाईने डबी उघडली, गोळी तिच्या हातावर ठेवली, माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. चारला तीन मिनिटं कमी होती. तिची बोटं गारठून निळी पडली होती. मी माझा कोट काढून तिच्या अंगावर घातला आणि विचारलं, काय झालं, कुठे होतात तुम्ही, आम्ही सगळं शहर डोक्यावर घेतलं.

"इथेच होते," ती म्हणाली. आवाज बारीक पण शांत होता. "जरा पाच मिनिटं बसून बघावं म्हटलं. बघता बघता वेळ कळला नाही. उठले तर पायऱ्या रिकाम्या."

"मग कोणाला सांगायचं तरी. पोलिसाला, दुकानात."

"पहिल्या दिवशी तुम्हीच बसमध्ये सांगितलं होतं ना? हरवलात तर फिरायचं नाही, आहात तिथेच थांबायचं, मी येईन. म्हणून थांबले." तिने कोट गळ्याशी ओढून घेतला. "आणि तुम्ही आलात की. दोनदा आलात. दुसऱ्यांदा मी हातही केला. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि पुढे गेलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण तो हात मला आठवत होता. कोणीतरी म्हातारी फोटो काढून द्या म्हणत असेल, असं वाटलं होतं मला, आणि मला घाई होती.